हरिबाचे पाय

आकारामच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. ते चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरात आलं, सांगलीच्या जेलचा शिक्का असलेलं, शिक्क्याची शाई पाकिटावर फुटलेली. मी ते उभ्याउभ्याच वाचलं, पुन्हा घडी घातली आणि एका जुन्या साप्ताहिकाच्या बांधीव फाइलमध्ये ठेवून दिलं. निवृत्तीनंतर मी साताऱ्याचं वाचनालय सांभाळतो, तिथं त्या फाइलला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. ‘मास्तर,’ त्यानं लिहिलं होतं, ‘तुम्ही सांगितलं होतं तसंच सगळं केलं. आधी आरोप लिहून काढला, मोठ्यानं वाचला. रागानं मारलं नाही. एकवीस मोजले, बाविसावा मारला नाही. तुम्ही म्हणाला होता, माणूस पंधरा दिवसांत चालायला लागतो. आता महिना झाला, नानासो उठत नाही. वकील म्हणतात, मास्तरांनी कोर्टात येऊन सांगितलं की असं मारल्यानं माणूस अधू होत नाही, तर शिक्षा कमी होईल. तुम्ही येणार का? आणि यायचं जमलं नाही तर एवढंच कळवा, की आमचं काय चुकलं?’ अक्षर देखणं होतं. ते मीच वळवलेलं. तासगावजवळच्या ज्या शाळेतून मी निवृत्त झालो, तिथं मी त्याला सहावीपासून शिकवलं होतं. रोज दोन मैल मेंढरांच्या वाटेनं चालत यायचा.

उत्तर उद्या लिहू असं म्हणत मी आठ दिवस काढले. मग म्हटलं, प्रकृती बरी नाही. मग खटला उभा राहिला, आणि चालू खटल्यात लिहिणं योग्य नव्हे, असं मीच मला सांगितलं. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, कोल्हापूरला हलवलं. पुढे आणीबाणी आली आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण बरं वाटलं हे खरं आहे. जेलमध्ये जाणारी पत्रं फोडून वाचतात, आपल्यासारख्या जुन्या समाजवाद्यानं जपून राहावं, असं एक सन्माननीय कारण सरकारनं मला आयतं दिलं. आयुष्यभर ज्या हुकूमशाहीविरुद्ध मी पोरांसमोर बोललो, तिच्या आडोशाला मी एकवीस महिने मजेत वाचत बसलो. या मार्चमध्ये ती उठली, लोक रस्त्यावर नाचले, आणि मग मला काही कारण उरलं नाही. तरी मी लिहिलं नाही.

काल दुपारी तीनच्या सुमाराला मी वाचनालयात वर्तमानपत्रं काठीला लावत होतो आणि बाहेरच्या व्हरांड्यातून एक आवाज आला. काही विशेष आवाज नव्हता. एक टक, मग दुसरी टक, आणि मग फरशीवरून काहीतरी घासत ओढल्यासारखं. पुन्हा टक, टक, घास. माझ्या हातातून पेपर सुटला. आवाज ओळखीचा नव्हता, पण अंगाला तो ओळखीचा वाटला. पोटऱ्या आपोआप आखडल्या, आणि मी पायांची बोटं चपलेत मुडपून घेतली, कुणी त्यांच्यावर काही उगारलं असावं तशी. दारात एक माणूस उभा राहिला. दोन काठ्या, पायांत चपलांऐवजी गोणपाटाचे बांधलेले जोड, आणि पाऊल टेकताना तो ते सपाट टेकत नव्हता, बाहेरच्या कडेवर टेकत होता. चाळिशीचा असेल. डोक्यावरची टोपी स्वच्छ होती. “मास्तर का?” त्यानं विचारलं. “मी नानासो. कारखान्यात टायमकीपर हुतो.” आणि मग, मदत करावी तसं, म्हणाला, “त्यो. आकारामचा.”

मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. अडीच वर्षं ज्या माणसाचे पाय माझ्या डोक्यात होते, त्याला चेहरा आहे हे मला नव्यानं कळत होतं. मी खुर्ची दिली. तो बसला, काठ्या मांडीला टेकवल्या, आणि खोलीभर नजर फिरवून म्हणाला, “लय पुस्तकं हायती.” मग हसला. “मी हितं साताऱ्यातच असतोय, मेव्हण्याकडं. नोकऱ्यांच्या कचेरीभाईर बसतो. पोरांचे नावनोंदणीचे फॉर्म भरून देतो. बी. ए. झालेली पोरं असतात वो, पन फॉर्म भरायला भ्यातात. एक खाडाखोड झाली तर नोकरी जाईल म्हंत्यात. जशी काय मिळणारच हाय.” मी चहा मागवला. तो बशीत ओतून प्यायला. “आता चपला झिजत न्हाईत माझ्या,” तो म्हणाला, “तेवढाच फायदा.” मला हसता आलं नाही, आणि मी हसलो नाही याचं त्यालाच वाईट वाटलं.

आकारामला पहिल्यांदा मी समाजवाद समजावून सांगितला तेव्हा तो अकरावीत होता. दर रविवारी दुपारी चारला शाळेच्या मधल्या खोलीत आमचं अभ्यासमंडळ भरायचं, आठ-दहा पोरं असायची. मी फळ्यावर लिहायचो: उत्पादनाची साधनं. सहकार. समान संधी. ऊसपट्ट्यात साखर कारखाना उभा राहिला तेव्हा मीच पोरांना सांगितलं, की बघा, खाजगी मालक नाही, शेतकरीच मालक, हा आपल्या मातीतला समाजवाद. माझा त्यावर विश्वास होता. कारखाना काढणारा आणि त्याचा चेअरमन झालेला नाथाजी हा बेचाळीसला आमच्या भूमिगत गटाचा म्होरक्या होता, मी त्याच्या मागे काट्याकुट्यांतून फिरलो होतो. बी. कॉम. होऊन, बहात्तरच्या दुष्काळात वर्षभर रस्त्याच्या कामावर खडी फोडून, आकाराम पुन्हा मंडळात यायला लागला तेव्हा त्याच्या तळहातांची कातडी शेळीच्या खुरासारखी झाली होती. त्यानं फळ्याकडे पाहून विचारलं, “मास्तर, कारखान्याचा मालक कोन?” मी म्हणालो, “सभासद.” “आन् सभासद कोन?” “ज्याचा ऊस आहे तो.” तो म्हणाला, “आमची मेंढरं हायती. मेंढराला शेअर मिळतोय का बगा की.” सगळे हसले, मीही हसलो. तो हसला नाही. “तीन हंगाम गेटावर हुबा हाय मी. चेअरमनचा भाचा धाव्वी नापास, त्यो गोडाऊनवर चिकटला. ह्यो समाजवाद आसंल, तर मालक बरा हुता मास्तर. त्याला शिव्या तरी देता येत हुत्या.” त्याचा मित्र अर्जुना त्याच्या पाठीत गुद्दा घालून म्हणाला, “गप रं, मास्तरांचा चेअरमन दोस्त हाय.” माझ्याकडे उत्तर होतं, पुस्तकातलं, लांबलचक, आणि ते बोलताना मला पोरांचे डोळे खिडकीबाहेर जाताना दिसले. एखादा दुकानदार गिऱ्हाईक उठायला लागल्यावर आतला माल काढतो, तसं मग मी बेचाळीस काढलं.

बेचाळीस काढलं की पोरं परत यायची. मी लाजाळू माणूस, चार लोकांत बोलताना माझा घसा सुकतो, पण ती गोष्ट सांगताना माझा आवाज बदलायचा, हे मलाच ऐकू यायचं. पोलिसांना आमची जागा दाखवणाऱ्या हरिबाला आम्ही कसं धरलं. भर दुपारी उसाच्या फडात कसं नेलं. पालथा निजवून तळव्यांवर बाभळीचा दांडका, लोक त्याला पत्र्या मारणं म्हणत. आधी आरोप वाचायचा, मग शिक्षा. हात रागानं उचलायचा नाही. एकवीस, म्हणजे एकवीस. “आन् मानूस मरत न्हाई?” एकानं विचारलं होतं, आकारामनंच बहुतेक. “छे,” मी म्हणालो, “पंधरा दिवसांत चालायला लागतो. पण पुन्हा वाकडी वाट चालत नाही.” हे शेवटचं वाक्य मला फार आवडायचं. ते मी दर वर्षी, नव्या पोरांना, त्याच जागी थांबून सांगायचो.

चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरात हंगामी जागांच्या मुलाखती झाल्या आणि मुलाखती चालू असतानाच यादी टाइप होऊन तयार होती. चेअरमन जीपमधून फिरत होता, त्याच्यापर्यंत कुणाचा हात पोचत नव्हता. ज्यानं यादी टाइप केली तो नानासो सायकलवरून घरी जात होता. “कॅनॉलच्या रस्त्याला आडवी आली,” नानासो मला सांगत होता, बशी पुसून परत टेबलावर ठेवत. “चौघंजण. मला वाटलं, नोकरीचंच इचारत्यात. रोजच इचारायची. फडात नेलं. आकारामनं कागद काढला, माझ्याविरुद्ध काय काय ते वाचलं. शुद्ध मराठीत हो! मी म्हनलं, बाबांनो, नावं मी टाइप केली, मी दिली न्हाईत. वर इचारा. तर म्हनतो, आरोपीनं मधी बोलायचं न्हाई.” आरोपीनं मध्ये बोलायचं नाही, हे माझंच वाक्य. “अर्जुनानं पाय धरलं. मारलं त्यांनी आळीपाळीनं. आकाराम मोजत हुता. खडी फोडायच्या हातोड्याचा दांडा, लोखंडी कडी तशीच ठेवलेली टोकाला. पयल्यांदा पायात लागत न्हाई मास्तर, डोस्क्यात लागतं. इथं,” त्यानं कानामागे बोट लावलं, “दिवा फुटल्यावानी. अकरापतुर ऐकू आलं मला. मग माझंच वरडणं मला दुसऱ्या कुणाचं तरी वाटाया लागलं. शुद्धीत आलो तवा टाचेतनं हाडूक भाईर दिसत हुतं. मागनं दोन बोटं काळी पडली, ती काढली.”

तो हे एखाद्या जुन्या आजाराबद्दल सांगावं तसं सांगत होता, आणि मला माझे दोन्ही हात टेबलाखाली कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. त्याला गप्प करावं, त्याच्या तोंडावर हात दाबावा, नाहीतर त्याच्याच काठीनं टेबलावरच्या काचेवर घालावं, असलं काहीतरी मनात येत होतं. बासष्ट वर्षांत मी कुणाला चापटसुद्धा मारलेली नाही. शाळेतही नाही. छडी माझ्या कपाटात नवीच राहिली. पण मारणं माझ्या आत सतत चालूच असतं की काय, असं मला अलीकडे वाटतं. एप्रिलमध्ये इथल्या सभेत नाथाजीनं माझा सत्कार केला, बेचाळीसचा सैनिक म्हणून. निवडणुकीनंतर तो पंधरा दिवसांत आमच्या बाजूला आला होता. त्याची जीप अर्जुना चालवत होता. कोर्टात माफीचा साक्षीदार झालेल्याला चेअरमननं नोकरी दिली. अर्जुना माझ्या पाया पडला. मी कसंनुसं विचारलं, “मंडळात पुढे वाचन चालू आहे का रे?” तो म्हणाला, “समाजवाद बरा हाय मास्तर. पन जीपला पेट्रोल लागतं.” आणि गळ्यातल्या हारात मी उभा, शेवंतीचा वास नाकात, आणि डोळ्यांसमोर लख्ख दिसत होतं की मी या पोराला पालथा पाडलाय, याच्या चेअरमनला पालथा पाडलाय, आणि मोजतोय. फोटोत मी हसतो आहे.

नानासोनं खिशातून एक कार्ड काढलं. “ह्यासाठी आलो. न्हाईतर तुमाला तरास दिला नसता.” जेलचं कार्ड होतं, तेच देखणं अक्षर. ‘नानासो, तीन वर्षं लंगडायचं सोंग केलंस. त्या सोंगावर माझी तीन वर्षं गेली. माझ्या बापानं मेंढरं विकून वकील दिला. बेंदराच्या आत सुटतोय. सुटल्या सुटल्या तुझ्या दारात येणार. माझ्या म्होरं चालून दाखवायचं. मास्तरांनी डोळ्यांनी बघितलंय, पंधरा दिवसांत माणूस चालतो. चालला नाहीस तर चालेपर्यंत मारीन.’ मी ते दोनदा वाचलं. “त्याला खरंच वाटतं हो,” नानासो म्हणाला. “मी चेअरमनच्या सांगण्यावरनं नाटक करतोय. आधी दोन कार्डं आली तवा बनुबाई, माझी मंडळी, म्हनली, जाऊ दे, जेलात डोकं फिरलं आसंल. आता म्हनती, गाव सोडूया. कुठं जायचं? पळायला पाय लागत्यात.” त्यानं दुसऱ्या खिशातून एक कोरं आंतर्देशीय पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. पत्ता त्यानं आधीच लिहून आणला होता, फॉर्म भरणाऱ्याच्या ठसठशीत अक्षरात, कैदी नंबरासकट. “माझं त्यो ऐकणार न्हाई. पोलिसांत गेलो तर अजून पेटंल. तुमचं ऐकंल. मजकूर तेवढा तुमचा.” उठताना त्यानं काठ्या सावरल्या, आणि सहज, खरंच सहज, विचारलं, “तुमी बघितला हुता न्हवं? त्यो तुमचा बेचाळीसवाला. चालताना?” मी वर्तमानपत्रं सारखी करायला लागलो. तो टक, टक, घास, असा व्हरांड्यातून गेला.

घरी आलो. ऊन अजून पत्र्यावर तडतडत होतं. मी दार लावलं, कॉटवर बसलो, डावा पाय उजव्या मांडीवर घेतला. म्हाताऱ्या माणसाचा तळवा मी कधी इतक्या जवळून पाहिला नव्हता: पिवळट, बारीक चिरांचा, मधोमध लहान मुलासारखा मऊ. वहीच्या रेघा आखायचा लाकडी रूळ घेऊन मी त्यावर मारला. जोरात मारला असं मला वाटलं, पण दुसऱ्या वेळी कळलं की पहिला लटका होता. तिसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. चौथ्याला हात वरच थांबला. मी त्याला सांगत होतो, पण तो खाली येईना. मी पुष्कळ वेळ तसाच बसलो, रूळ धरून, आणि तळव्यात एक उष्ण ठोका सुरू झाला, आणि त्याच्यासोबत, मी चौतीस वर्षं ज्याच्यावर गोष्ट घालून ठेवली होती ते एकेक वर यायला लागलं.

त्रेचाळीसच्या चैत्रातली दुपार. हरिबाला आणलं तेव्हा त्याच्या हातात वैरणीचा विळा होता, तो कुणी काढून घेतला नव्हता, त्यानंच आदबीनं बांधावर ठेवला. आरोप मी लिहिला होता, गटात लिहिणारा मीच. नाथाजीनं कागद पाहिला, शिक्षेची जागा कोरी होती. “मास्तर, किती लिवायचं?” त्यानं विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कुणी माझ्याकडे बघितलेलं सोसत नाही. मी वाईचा, घाटावर गणपतीच्या सावलीत वाढलेला. एकवीस दूर्वा, एकवीस मोदक. माझ्या तोंडून एकवीस गेलं. पंधरा का नाही, दहा का नाही, मला सांगता येणार नाही. आकडा मला पुरा वाटला, शुभ वाटला. मी तो सुवाच्य लिहिला, खाली रेघ मारली. आणि दांडका उगारला गेला तेव्हा मी पाणी आणायला म्हणून फडातून बाहेर निघालो. पोरांना सांगताना ‘आम्ही’ म्हणायचो, त्या ‘आम्ही’त मी बांधापलीकडे, पाठ करून उभा होतो. ओल्या गोणपाटावर बडवावं तसा आवाज येत होता. हरिबा एका गाईचं नाव घेऊन ओरडत होता. मी बोटांच्या पेरांवर मोजत होतो. एकोणीसला आवाज थांबला. आणि मला, देवा, मला वाटलं: दोन राहिले. हिशेब चुकलाय, जाऊन सांगावं का? इतकंच वाटलं मला.

नाथाजी बाहेर आला, हात धोतराला पुसत म्हणाला, “पंधरा दिसांत चालतंय बग.” हे त्याचं वाक्य. पण महिन्यानं मी रात्रीच्या मुक्कामाची चिठ्ठी द्यायला त्या गावात गेलो होतो, सकाळी, उन्हं वर आल्यावर. हरिबाची बायको तानुबाई त्याला पाठकुळी घेऊन परड्याकडे नेत होती. त्याचे पाय तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना लोंबत होते, फडक्यांत गुंडाळलेले, माश्या बसलेले. तिनं मला ओळखलं नाही, म्हणाली, “वाईच त्यो तांब्या द्या की वो भाऊ.” मी तांब्या दिला. हरिबानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि नमस्काराला हात जोडायचा प्रयत्न केला, पण हात सोडले तर पडला असता. वैशाखाच्या शेवटी तो गेला. पुढे पोलिसांच्या कागदांत खबर देणाऱ्याचं नाव निघालं, ते दुसरंच होतं. हे नाथाजीला माहीत होतं, मला माहीत होतं. त्यानं कारखाना काढला. मी गोष्ट काढली.

आज सकाळी वाचनालय उघडायच्या आधी मी ते आंतर्देशीय समोर घेतलं. चार वेळा उत्तम सुरुवात सुचली. पहिलीत परिस्थितीचं विश्लेषण होतं, दुसरीत क्षमा होती, तिसरीत समाजवाद अजून कसा खरा आहे ते होतं, चौथीत माझं वय. कागद एकच होता, खाडाखोडीला जागा नव्हती. कचेरीबाहेरच्या पोरांसारखीच मला भीती वाटली. मग लिहिलं:

‘आकाराम, हरिबा चालला नाही. मी त्याला महिन्यानं पाहिलं, बायकोच्या पाठीवर. दोन महिन्यांत तो मेला. तो निर्दोष होता. पंधरा दिवसांत माणूस चालतो हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ते खोटं मी तुम्हाला दर वर्षी सांगितलं, कारण ते सांगितलं की तुम्ही माझ्याकडे बघायचा. एकवीस हा आकडा माझा. मारताना मी तिथं नव्हतो, बांधापलीकडे उभा राहून मोजत होतो. नानासो सोंग करत नाही. काल तो माझ्यासमोर बसला होता, त्याच्या पायांची दोन बोटं नाहीत. तुझं काय चुकलं, असं तू विचारलं होतंस. तू माझं ऐकलंस. तू कोर्टात बोलावलंस तेव्हा मी हे सांगायला हवं होतं, भ्यालो. तुझ्या मेंढरांच्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. पुस्तकं उघडून बसतो, एवढंच. सुटल्यावर नानासोच्या दारात जाऊ नकोस. आधी माझ्याकडे ये. मी दुपारी बारा ते पाच वाचनालयात असतो, बहुतेक एकटाच. दार उघडं असतं.’

पोस्ट वाचनालयापासून शंभर पावलांवर आहे. डावा पाय टेकताना दुखत होता, म्हणून मी नकळत कडेवर टेकत होतो, आणि ते लक्षात आल्यावर लाज वाटून सपाट टेकवला. नोकऱ्यांच्या कचेरीबाहेर आत्ताच रांग लागली होती. पोरं धुतलेल्या शर्टांत, हातात सर्टिफिकिटांच्या सुरळ्या. कडुलिंबाखाली नानासो पेटी उघडून बसला होता, एका पोराला सांगत होता, “न्हाई न्हाई, जात हितं न्हाई लिवायची गड्या, खाली.” त्यानं मान वर केली, माझ्या हातातला निळा कागद पाहिला, आणि काही न विचारता पुन्हा फॉर्मकडे वळला. पोस्टाच्या लाल पेटीच्या तोंडात मी पत्र अर्धं घातलं. बोटं सुटेनात. मागच्या बाईनं, डोक्यावर पाटी असलेल्या, विचारलं, “आवं आजोबा, टाकताय न्हवं?”

“टाकतो,” मी म्हणालो, आणि टाकलं.